एचआयव्हीच्या गोळीची कुळकथा

कोरेगाव तालुक्यातला एचआयव्हीबाधित माणूस आज वीसेक किलोमीटरवरच्या साताऱ्याला जातो, जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी (एचआयव्हीरोधक उपचार) केंद्रात मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मोजून दाखवतो आणि पुढच्या गोळ्या घेऊन परततो. त्याला पैसे पडत नाहीत. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन कृत्रिम संयुगे एकाच गोळीत असतात आणि ती दिवसातून एकदा घ्यायची असते. अशा औषधाचे मूळ सांगताना आपण बहुधा संयुग पहिल्यांदा कुणी बनवले तिथे थांबतो. संयुग शोधणारा हा या कुळाचा मूळपुरुष खरा, पण कूळ एकट्या मूळपुरुषावर चालत नाही. ते चालवले स्वस्तात बनवण्याची रीत शोधणाऱ्यांनी, कायदा करणाऱ्यांनी आणि उपचार हक्काने मागणाऱ्यांनी. त्यांना वगळून सांगितलेला इतिहास अर्धाच राहतो.

मूळपुरुषापासूनच सुरुवात करू. १९६४ साली अमेरिकेत डेट्रॉइटला जेरोम हॉरविट्झ कर्करोगावर औषध शोधत होते. डीएनएची साखळी वाढताना प्रत्येक नवी कडी आधीच्या कडीच्या एका ठरावीक जागी जोडली जाते. थायमिडिन या कडीत त्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. हॉरविट्झ यांनी ती काढून नायट्रोजनचे तीन अणू बसवले. अशी कडी साखळीत शिरली की पुढची अडकवायला जागाच उरत नाही. तर्क नेमका होता, पण उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर गुण आला नाही आणि पेटंटही न घेता संयुग बाजूला पडले. एचआयव्ही मात्र आपल्या आरएनएवरून डीएनए उतरवतो, आणि नेमका तिथेच तो या कडीला फसतो. हे १९८५ मध्ये बरोज वेलकम कंपनी आणि अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्या चाचण्यांत दिसले. मार्च १९८७ मध्ये झिडोव्हुडिन, म्हणजे एझेडटी, एड्सवरचे पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. वर्षाचा खर्च ८ ते १० हजार डॉलर होता, आणि एकट्या औषधाला विषाणू लवकरच सरावत असे.

भारतात या कुळाची वेगळी शाखा फुटली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हते, फक्त बनवण्याच्या कृतीवर होते. कृती नवी असेल तर तेच औषध दुसऱ्यालाही बनवता येई. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत ए. व्ही. रामा राव यांनी एझेडटीची कृती बसवली आणि १९९३ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ते बाजारात आणले. किंमत परदेशाच्या मानाने फारच कमी होती, तरी खप झाला नाही. रुग्णाला तेही परवडेना आणि सरकारचा भर केवळ प्रतिबंधावर होता. सातारा-सांगली हे कामासाठी मुंबई गाठणाऱ्यांचे जिल्हे, आणि पुढे जास्त लागणीच्या जिल्ह्यांत दोन्ही मोडले. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ ही संस्था देहविक्री करणाऱ्या स्त्रियांसोबत काम करत होती. या स्त्रियांनी स्वतःच निरोध वाटले, संघटना उभारली आणि रुग्णालयात माणसासारखी वागणूक मागितली. औषध पोहोचण्याआधी तिथे औषधाची वाट तयार होत होती.

तीन औषधे एकत्र दिली तर विषाणूला निसटता येत नाही, हे १९९६ पर्यंत सिद्ध झाले होते. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधे परदेशात तीन वेगळ्या कंपन्यांची होती. भारतात ती अडचण नव्हती, म्हणून सिप्लाने ती ‘ट्रायोम्यून’ या एका गोळीत बसवली. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे प्रमुख युसूफ हमीद यांनी हे तिहेरी औषध ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला दर रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले. यातले स्टॅव्हुडिनही हॉरविट्झ यांनीच साठच्या दशकात बनवले होते. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केली. महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी होता.

यावर पहिला आक्षेप असा की ही तर नक्कल. पण नवी कृती बसवणे हेही अस्सल रसायनशास्त्र आहे, आणि ही तिहेरी गोळी तर मूळ कंपन्यांकडे नव्हतीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पेटंटचा नफा नसेल तर नवे संयुग शोधणार कोण? चाचण्यांचा खर्च कंपन्या उचलतात, हे मान्यच करायला हवे. मात्र हॉरविट्झ यांचे संशोधन सरकारी पैशावर झाले होते, आणि डोल्युटेग्राव्हिरच्या बाबतीत पेटंट राखूनही परवाने देऊन औषध गरीब देशांत स्वस्त झाले. तिसरा आक्षेप स्वस्ताईवरच आहे. स्टॅव्हुडिनने अनेकांचे पाय बधिर झाले, गाल आत गेले; २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले. ही किंमत रुग्णांनी मोजली आणि ती विसरता कामा नये. पण त्या गोळीने जगवले म्हणूनच त्यांच्यापैकी कित्येकांना पुढची, सौम्य गोळी मिळू शकली.

विषाणूवर मात करू शकेल अशा नव्या संयुगाची बातमी दर काही महिन्यांनी येते. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत रेमडेसिव्हिरसाठी महाराष्ट्रभर नातेवाइकांची धावाधाव झाली. त्याने मृत्यू फारसे टळत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत आधीच दिसले होते. म्हणून अशी बातमी वाचताना चार गोष्टी विचारायला हव्यात : माणसांवरच्या चाचणीत ते टिकले का, ते बनवण्याची कृती किती जणांच्या हाती आहे, पैसे कोण भरणार आणि तालुक्यापर्यंत ते कोण पोहोचवणार. झिडोव्हुडिनला या सगळ्यांची उत्तरे मिळायला चाळीस वर्षे लागली. पुढच्या संयुगाला तेवढी लागू नयेत, यासाठी ही उत्तरे शोधणे शास्त्रज्ञांइतकेच सरकारचे आणि आपलेही काम आहे.