जॉइसचे डोळे आणि दहा वर्षांचे अंतर

जेम्स जॉइसवर लिहिताना समीक्षक त्याच्या अधू दृष्टीपाशी हमखास थांबतात. होमर, सूरदास, मिल्टन यांच्या पंक्तीत त्याला बसवले, की बाह्यदृष्टी मंदावल्याने अंतर्दृष्टी उजळली, असे विधान सहज करता येते. वर्गात आम्हीही ते केलेले आहे. त्याच्या आजाराचा इतिहास पाहिल्यावर मात्र ते मागे घ्यावेसे वाटते.

जॉइसला छळले ते डोळ्याच्या आतील दाहाने. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, सुजली की ती मागच्या भिंगाला चिकटते. डोळ्यातील द्रवाची वाट अडते, दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. १९१७ साली झ्युरिकमध्ये हेच घडले. परितारिकेचा तुकडा कापून द्रवाला वाट करून देण्यात आली. पुढे पॅरिसमध्ये डॉ. लुई बोर्श यांचे उपचार सुरू झाले. बाहुली विस्फारून ती चिकटू न देणारे अ‍ॅट्रोपिनचे थेंब, जळवा आणि पुन्हा शस्त्रक्रिया, एवढेच त्या काळाच्या हाती होते. हे सारे दाहाच्या परिणामांवरचे उपाय होते. मूळ दाह शमवणारे औषध नव्हते. जॉइसच्या डोळ्यांवर दहाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

१९३० साली झ्युरिकच्या आल्फ्रेड व्होग्ट यांनी त्याच्या डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला आणि थोडी दृष्टी परत मिळवून दिली. त्यानंतर जॉइस तपासणीसाठी त्या शहरात येत राहिला. त्याच दशकात त्याच शहरात तादेउश राईखश्टाईन हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून संप्रेरके वेगळी करण्याच्या कामास लागले होते. त्यांतच कॉर्टिझोन होते. पण त्याचा उपयोग तेव्हा कोणालाच उमगलेला नव्हता. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी ते संधिवाताच्या रुग्णास दिले. १९५० साली हेंच, केंडल आणि राईखश्टाईन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच सुमारास नेत्रवैद्यांनी डोळ्यांच्या दाहावर ते वापरण्यास आरंभ केला. जॉइस १३ जानेवारी १९४१ रोजी झ्युरिकमध्येच वारला होता.

कॉर्टिझोन हे निर्दोष वरदान ठरले नाही. दीर्घकाळ वापरल्यास त्यानेही काचबिंदू आणि मोतीबिंदू होतात. म्हणूनच पुढे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे आली. तरीही जॉइसच्या वाट्याला आले ते भोग बरेच हलके झाले असते.

'फिनेगन्स वेक' १९३९ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखनकाळात जॉइस रंगीत खडूंनी मोठाली अक्षरे काढीत असे. त्या अक्षरांत दैवी अंतर्दृष्टी शोधण्यापूर्वी, पुढची ओळ दिसावी म्हणून केलेली धडपड आपण वाचायला हवी. वेदनेला प्रतिभेची किंमत म्हणणे वाचकाला सोयीचे असते. ती किंमत मोजणाऱ्याने मात्र आयुष्यभर वैद्यांची दारे ठोठावली होती.