विंगेतला परदेश

मराठी नाटकाला परदेशाचे वावडे कधीच नव्हते. कथानके, तंत्र, प्रकाशयोजना, अभिनयाच्या पद्धती असे कितीतरी त्याने बाहेरून आणले आणि पचवले. तरीही दीडशे वर्षांच्या संहिता चाळताना एक गोष्ट मला सतत जाणवत आली आहे. आपल्या रंगमंचावर वाडा दिसतो, चाळ दिसते, दिवाणखाना तर कायमचाच. प्रत्यक्ष परदेश मात्र क्वचितच दिसतो. तो बहुधा विंगेत असतो. तिथून तो पत्र पाठवतो, माणूस पाठवतो, कोट आणि टोपी पाठवतो. या लेखात मला त्या विंगेतल्या परदेशाचा माग काढायचा आहे आणि शेवटी नर्मदेकाठच्या मणिबेली या गावापाशी पोहोचायचे आहे. मणिबेलीचा मराठी नाटकाशी वरवर काहीच संबंध नाही. माझा मुद्दा त्या नसलेल्या संबंधाविषयीच आहे.

जोतीराव फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’पासून सुरुवात करू. १८५५ मध्ये लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले आणि छापील रूपात ते वाचकांपुढे यायला १९७९ उजाडले. भटजीच्या नादी लागून नागवल्या जाणाऱ्या कुणबी जोडप्याला या नाटकात एक पाद्री भेटतो. परदेश इथे माणसाच्या रूपाने येतो. तो राज्यकर्त्यांच्या धर्माचा आहे, पण नाटकात त्याचे काम वेगळे आहे. स्वकीय जे सांगत नाहीत ते तो सांगतो, प्रश्न विचारतो. शेवटी ते जोडपे पाद्र्याच्या मागे जात नाही, शिकायला रात्रीच्या शाळेत जायचे ठरवते. परक्याचा उपयोग करून घ्यावा पण त्याच्या आश्रयाला जाऊ नये, हे भान आपल्या आधुनिक नाटकाच्या उंबरठ्यावरच दिसते.

पुढच्या पन्नास वर्षांत परदेशाचे मराठीकरण झाले. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. डेस्डिमोना कमळजा झाली, इयागो जाधवराव झाला. फ्रान्सचा मोलिएर इंग्रजी रूपांतरातून देवलांकडे आला आणि त्याचे ‘संशयकल्लोळ’ इतके आपले झाले, की त्याचे मूळ गाव विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने नवे पर्व सुरू केले तेही नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर आधारलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ने. या सगळ्यात परदेशी गावांची आणि माणसांची नावे पुसली गेली. ही चोरी नव्हे, रूपांतराचा तो धर्मच आहे. मात्र त्याची किंमत अशी, की परदेश हा स्वतंत्र भूभाग म्हणून प्रेक्षकाला भेटलाच नाही.

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) उलटे घडले. गाव पुराणातले, विराटनगरी. पण प्रेक्षकांना तिथे इंग्लंड दिसले. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारत, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, ही किल्ली प्रत्येकाच्या खिशात होती. सरकारलाही ती सापडली आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. व्हॅलेंटाइन चिरोलने त्याच वर्षीच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात त्याची दखल घेतली. रंगमंचावर एकही गोरा माणूस नसताना परदेश एवढा स्पष्ट क्वचितच दिसला असेल. इथला परदेश संपूर्ण खलपुरुष आहे. त्याला मारले की प्रश्न सुटतो.

स्वातंत्र्यानंतर हा परदेश घरात शिरला. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’मधला (१९७७) नायक विलायतेहून परतला आहे. त्याच्या बोलण्यात, पोशाखात, खाण्यापिण्यात इंग्लंड आहे. घरात मात्र सोवळ्या विधवेचे जिणे चालूच आहे आणि शेजारच्या तरुण राधाक्काच्या वाट्याला तेच येऊ घातले, तेव्हा त्याची विलायत कामी येत नाही. ‘संध्याछाया’मध्ये (१९७३) नाना-नानींचा एक मुलगा अमेरिकेत आहे, दुसरा सैन्यदलात. अमेरिका तिथे कधीच दिसत नाही. दिसते ती वाट पाहणारी दोन म्हातारी माणसे. दोन्ही नाटके विजया मेहतांनी बसवली आणि दोन्हींत परदेश म्हणजे एक रिकामी जागा आहे. एकीकडे धैर्याची, दुसरीकडे मुलाची.

या रांगेत न बसणारा एक अपवाद नाटकगृहाबाहेरचा आहे. अण्णाभाऊ साठ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. रशिया त्यांनी पाहिला तो पुढे १९६१ मध्ये. न पाहिलेले शहर त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांपुढे उभे केले, कारण तिथे लढणारी माणसे त्यांना आपल्यासारखी वाटत होती. वरची सगळी नाटके परदेशाकडे पाहतात ती शिकलेल्या, गेलेल्या किंवा राज्य गमावलेल्या वर्गाच्या खिडकीतून. अण्णाभाऊ पाहतात ते चाळीच्या जिन्यावरून. मणिबेलीकडे जाण्याची वाट मला याच जिन्यावरून दिसते.

मणिबेली आज नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात आहे. १९९८ पर्यंत ती धुळे जिल्ह्यात होती. सरदार सरोवराच्या पाण्याखाली येणाऱ्या महाराष्ट्रातल्या तेहतीस गावांपैकी धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळचे आणि सर्वांत आधी बुडणारे गाव हे. १९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलर्सचे कर्ज मंजूर केले. बँक म्हणजे देश नव्हे, भारतही तिचा सभासद आहे, हे खरे. पण वॉशिंग्टनमधल्या त्या इमारतीत झालेल्या निर्णयामुळे ज्यांचे शेत जाणार, त्यांच्या लेखी परदेश म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. ‘बॅरिस्टर’ विलायतेला गेला होता. मणिबेलीचे भिल आणि तडवी कुठेच गेले नव्हते. विलायतच त्यांच्या दारात आली होती, कागदाच्या रूपाने.

१९९१ च्या पावसाळ्यात मणिबेलीत सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमला. कॅनडाचे थॉमस बर्जर त्यात उपाध्यक्ष होते. आयोग खोऱ्यात फिरला, त्याने गावकऱ्यांना विचारले. जून १९९२ च्या अहवालात त्याने लिहिले, की प्रचलित परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही आणि बँकेने मागे सरावे. नाटकाचा अभ्यासक म्हणून मला इथे थांबावे लागते. कर्ज देणारा परदेश आणि त्या कर्जाची झडती घेणारा परदेश एकाच इमारतीतून आला होता. एका दृष्टीने पाहिले तर हा कीचक. दुसऱ्या दृष्टीने ‘तृतीय रत्ना’तला पाद्री, स्वकीयांनी न विचारलेले विचारणारा. आपल्या नाटकाने ही दोन रूपे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या संहितांत दाखवली. मणिबेलीने ती काही वर्षांच्या अंतराने पाहिली.

पुढचा अंक आणखी अवघड आहे. मार्च १९९३ अखेर भारत सरकारने कर्जाचा उरलेला भाग नको असल्याचे कळवले आणि बँक प्रकल्पाबाहेर पडली. खाडिलकरांच्या नाटकात इथे पडदा पडला असता. प्रत्यक्षात काम देशी पैशावर चालू राहिले, त्याच पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले, आणि २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे दरवाजे बंद झाले. परदेशाला खलपुरुष करण्याची सोय या कथेने ठेवलेली नाही. घरे रिकामी करायला येणारे साहेब धुळ्याहून येत आणि मराठी बोलत. घरात भिली बोलणाऱ्या माणसांना ती मराठी कितपत आपली वाटत असेल, हा प्रश्न मराठी नाटकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. परक्याचे चित्र रंगवणारी आपली भाषा तिथे स्वतःच परकी ठरते.

म्हणूनच मला वाटते, की मणिबेलीचे नाटक आपल्या व्यावसायिक रंगभूमीच्या साच्यात बसणार नाही. तिथे परदेश विंगेत ठेवता येत नाही आणि दिवाणखान्यातही बसवता येत नाही. नंदुरबारच्या आदिवासी भागात सोंगाड्या पार्ट्यांची परंपरा आहे, सातपुड्यातल्या होळीत बावा आणि बुध्या अंगावर सोंग चढवून नाचतात. जिथे एकच माणूस क्षणात साहेब आणि क्षणात गावकरी होऊ शकतो, अशा मोकळ्या रिंगणातच ती दोन तोंडांची विलायत उभी राहू शकेल. ते रिंगण उभारायचे तर त्याची भाषाही नदीकाठचीच असावी लागेल.

नावांविषयी आधी लिहिले, त्याचा एक धागा उरला आहे. व्हेनिसपासून नॉर्वेपर्यंतची नावे पुसून आपण परदेश आत घेतला. १९९४ मध्ये बँक पन्नास वर्षांची झाली, तेव्हा मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा अशी मागणी करणाऱ्या जाहीरनाम्यावर ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी सह्या केल्या. त्याचे नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. ते नाव कुणी बदलले नाही. वॉशिंग्टनमध्येही ते मणिबेलीच राहिले, गावाची जमीन पाण्याखाली जात असताना.