लाउदातो सी
रोमन कॅथलिक चर्चचे पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणविषयक विश्वपत्र, म्हणजे पोपने श्रद्धावंतांना उद्देशून काढलेले अधिकृत धर्मपत्र. १८ जून २०१५ रोजी प्रसिद्ध झालेल्या या पत्राचे शीर्षक असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या स्तोत्रावरून घेतले असून त्याचा अर्थ ‘तुझी स्तुती असो’ असा होतो. तापमानवाढीला ज्यांचा हातभार अल्प, त्या गरिबांनाच तिची झळ अधिक बसते, हा नैतिक मुद्दा त्यात मध्यवर्ती आहे. सहा प्रकरणांपैकी शेवटचे पर्यावरणशिक्षण व अध्यात्म यांविषयी असून, नुसत्या माहितीने भागत नाही, तर कुटुंब, शाळा व चर्च यांतून रोजच्या सवयी घडाव्या लागतात, असे प्रतिपादन त्यात आहे. व्यवहाराच्या दृष्टीने हाच पत्राचा सर्वांत उपयुक्त भाग होय. कार्बन उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणाऱ्या कार्बन-श्रेयांकांच्या खरेदीविक्रीबद्दल पत्रात व्यक्त केलेली साशंकता मात्र वादग्रस्त ठरली. ‘लाउदाते देउम’ हे पूरक पत्र ४ ऑक्टोबर २०२३ रोजी निघाले.