चित्रसंकेताची कालदुरुस्ती आणि ध्वनीचा मेळ

दूरचित्रवाणीवर निवेदकाचे ओठ हलण्यापूर्वीच शब्द कानी पडले, की प्रेक्षक आवाजाला दोष देतो. बहुतेक वेळा आवाज वेळेवर आलेला असतो. उशीर चित्राला होतो, आणि तोही पुष्कळदा ते दुरुस्त करतानाच.

भारताने ॲनालॉग प्रक्षेपणासाठी पाल पद्धती स्वीकारली होती. तीत एका चौकटीत ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चौकटी असतात. म्हणजेच एका रेषेच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद येतात. चित्रफीत वाचताना ही शिस्त मोडते. फीत ताणली जाते, व्हीएचएस यंत्रातील ड्रमची गती किंचित कमी-जास्त होते आणि रेषा आपल्या वेळेआधी किंवा नंतर सुरू होतात. मग पडद्यावरील दाराची उभी कडा थरथरू लागते.

यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर. हे उपकरण संकेताचे अंकांत रूपांतर करून काही रेषा स्मृतीत साठवते. साठवण फितीच्या डळमळीत गतीने होते, वाचन मात्र स्थिर घड्याळाच्या ठोक्यावर. येथील विलंब नगण्य असतो. फ्रेम सिंक्रोनायझर हे उपकरण बाहेरून आलेला संकेत स्टुडिओच्या घड्याळाशी जुळविण्यासाठी अख्खी चौकट साठवते. त्यात ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ जातो. अशी यंत्रे एकामागून एक आली, की विलंबाची बेरीज होते. स्वतंत्र मार्गाने जाणारा ध्वनी तोवर पुढे निघून गेलेला असतो. त्यालाही तेवढेच थांबवून धरावे लागते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार, आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे असला तरी विसंगती जाणवते. मागे असल्यास ती सुमारे १२५ मिलिसेकंदांनंतर जाणवते. हा फरक स्वाभाविकच म्हणावा लागेल. पैलतीरावर आपटलेले धुणे आधी दिसते, आवाज मागाहून येतो. याच्या उलट अनुभव निसर्ग देत नाही.

घरच्या जुन्या फिती संगणकावर उतरविताना दोन दोष संभवतात. फरक आरंभापासून अखेरपर्यंत सारखा असेल, तर ध्वनी तेवढा सरकविणे पुरेसे ठरते. फरक वाढत जात असेल, तर बहुधा चौकटी गळत आहेत असे समजावे. मिनिटाला एक चौकट गळाली, तरी तासाअखेर चित्र २.४ सेकंद पुढे जाते. अशा वेळी ध्वनी सरकवून उपयोग नाही. पूर्ण चौकट साठविणारे उपकरण मध्ये जोडून फीत पुन्हा उतरवावी.

व्हीसीआर बनविणारी अखेरची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. चालू स्थितीतील यंत्रे त्यामुळे दुर्मीळ होत आहेत. उतरविलेल्या प्रतीची पहिली पाच मिनिटे पाहून समाधान मानू नये. शेवटची पाच मिनिटे तपासावीत आणि तोवर मूळ फीत टाकू नये.