1940 साली गोठलेलं भाडं

ठाकुरद्वारापासून फणसवाडी-मुगभाटाकडे वळलं की गिरगावच्या जुन्या चाळींची ठरलेली मांडणी दिसते. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून दुकानांचे गाळे, मग लाकडी जिना, लांबलचक गॅलरी आणि तिच्या कडेनं एक-दोन खोल्यांची बिऱ्हाडं. ही मांडणी घरमालकाच्या हिशेबातून आलेली. गाळ्याचं भाडं जास्त, खोलीचं कमी. पण खोल्या पुष्कळ, आणि मुंबईत खोली रिकामी राहत नसे. धंदा विकलेल्या किंवा आवरता घेतलेल्या माणसाला अशी चाळ म्हणजे हक्काचं, पिढीजात उत्पन्न वाटे.

तसं वाटायला कारण होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865, लँकशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, त्यांची मागणी इकडच्या कापसाकडे वळली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो शेअरमध्ये गेला. युद्ध संपलं आणि 2,850 रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 87 रुपयांवर आला. ज्या शहरानं हे पाहिलं, तिथं विटा-चुन्यावर भरवसा बसला तर नवल नाही. पुढे गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, परळ-लालबागेतही खाजगी मालकांच्या चाळी उभ्या राहिल्या.

मग महायुद्धं आली. युद्धकाळात घरं कमी पडतात, भाडी भडकतात आणि सरकारला मध्ये पडावं लागतं. ब्रिटननं 1915 साली भाडी गोठवली, मुंबईत तसा कायदा 1918 साली आला. पण खरा परिणाम झाला तो 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याचा. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं, तेच प्रमाणित भाडं. कायदा तात्पुरता होता. मुदतवाढ मिळत मिळत तो अर्धशतक जगला.

या कायद्यानं गिरणी कामगाराला आणि पेढीवरच्या कारकुनाला या शहरात टिकू दिलं, हे आधी मान्य केलं पाहिजे. तो नसता तर गिरगाव-लालबागचा मराठी संसार केव्हाच उठला असता. पण चाळीवर जगणाऱ्या कुटुंबाचं काय झालं, तेही पाहावं. समजा, वीस खोल्या आणि दर खोलीला 12 रुपये भाडं. महिन्याचे 240 रुपये 1940 साली एका घराला पुरून उरत. तीस वर्षांनीही 240 च. जिन्याची पायरी बदलायची, गॅलरीचा कठडा सावरायचा, कौलं परतायची, तर सुताराची मजुरी मात्र 1940 ची नव्हती. मालकानं डागडुजी सोडली. 1969 साली सरकारनं दुरुस्ती मंडळ नेमलं आणि उपकर लावला, तेव्हा शहरात उपकर लागू झालेल्या इमारती साडेएकोणीस हजारांच्या वर होत्या.

कायद्यानं दाबलेला पैसा पागडीच्या वाटेनं वर आला. भाडेकरू खोली सोडताना येणाऱ्याकडून रक्कम घेई, त्यातला वाटा, बहुधा तिसरा हिस्सा, मालकाला देई आणि मालक पावती नव्या नावावर करून देई. एकरकमी पैसा मिळे, दरमहाचं उत्पन्न नाही. आणि पुढची खोली कधी हलेल याचा नेम नाही. 1997 साली सर्वोच्च न्यायालयानं गोठलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही असं म्हटलं. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं पागडीला मान्यता दिली आणि दरसाल 4 टक्के वाढ. बारा रुपयांवर 4 टक्के म्हणजे 48 पैसे.

चाळमालकाची चूक घर बांधण्यात नव्हती. ठरलेलं भाडं म्हणजे कायमचं उत्पन्न, असं त्यानं धरलं. आज दुकान विकून येणारी रक्कम ठेवीत घालणाऱ्यांचा हिशेबही पुष्कळदा तोच असतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांवर, 8.2 टक्के दरानं, तिमाहीला 61,500 रुपये मिळतात. पैसा सुरक्षित आहे, पण पाच वर्षं आकडा तोच राहतो आणि वाण्याचं बिल तेच राहत नाही. म्हणून धंदा विकणाऱ्यानं सगळी रक्कम अशा एकाच ठिकाणी अडकवू नये. थोडा भाग महागाईबरोबर वाढणाऱ्या गुंतवणुकीत ठेवावा, आणि व्याजातलाही काही हिस्सा खर्च न करता दरवर्षी मुद्दलात घालावा.