आफ्रिकेला दिलेल्या शब्दाचा हिशेब

स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथे जुलै २००५ मध्ये भरलेल्या जी-८ परिषदेच्या वेळी आफ्रिकेची वार्षिक मदत २०१० पर्यंत २५ अब्ज डॉलरने वाढविण्याचे आश्वासन श्रीमंत राष्ट्रांनी दिले. प्रत्यक्षातील वाढ त्याच्या निम्म्याहूनही कमी भरली.

आफ्रिकेसह सर्व विकसनशील देशांना मिळणाऱ्या मदतीचा माग नागरिकांनाही घेता यावा, यासाठी घानाची राजधानी आक्रा येथे सप्टेंबर २००८ मध्ये ‘आयएटीआय’ हा आंतरराष्ट्रीय मदत पारदर्शकता उपक्रम सुरू झाला. त्यानुसार देणगीदार सरकारे व संस्था प्रकल्प, कबूल केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांची माहिती ठरावीक नमुन्यात इंटरनेटवर प्रसिद्ध करतात. त्यामुळे कबुली व खर्च यांतील तफावत पडताळता येते. मात्र, माहितीची अचूकता ती देणाऱ्यावरच अवलंबून असते. शब्द मोडल्यास दंडाची तरतूद नाही. लोकलज्जा हाच काय तो अंकुश.