रुग्णालयातील औषधचाचण्या आणि रुग्णाची संमती

एप्रिल आणि मे २०२१ मधील ते दिवस वाचकांच्या स्मरणातून गेलेले नसतील. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी मोबाईलवर एकच निरोप फिरत होता : 'अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा तातडीने पाहिजे.' मुलगे, जावई, शेजारी रात्रीबेरात्री रक्तपेढ्यांच्या दारात उभे राहत. आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसांना दूरध्वनी करून, गाडी पाठवून आणले जात असे. आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळींनीही त्या कामी जिवाचे रान केले.

या धावपळीच्या सहा महिने अगोदर, ऑक्टोबर २०२० मध्ये, भारतातच झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ही चाचणी घेतली. नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा मिळालेल्या २३५ रुग्णांपैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला वा त्यांचा मृत्यू झाला. प्लाझ्मा न मिळालेल्या २२९ रुग्णांत ही संख्या ४१ होती. म्हणजे प्लाझ्म्याने लाभ झालेला दिसला नाही. तरीही राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ च्या मध्यास. तोवर असंख्य कुटुंबांची शक्ती, पैसा आणि आशा त्यात खर्ची पडली होती.

तथापि या लेखाचा विषय ती दिरंगाई नव्हे, तर ते ४६४ रुग्ण आहेत. ऐन साथीत, रुग्णालयाच्या खाटेवर असताना, आपल्या वाट्याला नवा उपचार येईल की नाही हे ठाऊक नसताना त्यांनी होकार दिला. अशा होकारांवाचून कोणत्या औषधाने गुण येतो आणि कोणत्याने नाही, हे डॉक्टरांना निश्चित कळत नाही.

चाचणी म्हणजे नेमके काय?

ज्यास इंग्रजीतून आलेल्या शब्दाने 'क्लिनिकल ट्रायल' म्हणतात, ती म्हणजे औषध, लस, शस्त्रक्रिया अथवा उपचारपद्धती यांची माणसांवर, आगाऊ लिहून ठेवलेल्या नियमांनुसार घेतलेली पारख. नव्या औषधाची प्रथम थोड्या व्यक्तींवर सुरक्षिततेच्या दृष्टीने, मग काहीशा मोठ्या गटावर आणि त्यानंतर शेकडो वा हजारो रुग्णांवर परीक्षा होते. औषध बाजारात आल्यावरही त्यावर नजर ठेवली जाते.

तिसऱ्या पायरीवरील चाचण्यांत सहसा रुग्णांचे दोन गट केले जातात. एका गटाला नवा उपचार मिळतो आणि दुसऱ्याला प्रचलित उपचार. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवीत नाहीत. ते चिठ्ठी टाकावी तसे, आता बहुधा संगणकाद्वारे, ठरते. अनेकांना ही गोष्ट निष्ठुर वाटते. परंतु डॉक्टरांनी स्वतः निवड केल्यास धडधाकट रुग्ण नव्या औषधाकडे आणि खंगलेले रुग्ण जुन्याकडे जाण्याचा संभव असतो. मग औषधाने गुण आला की मुळातल्या प्रकृतीने, हे सांगता येत नाही. चिठ्ठी टाकणे न्याय्य ठरते ते एकाच अटीवर : दोहोंपैकी कोणता उपचार सरस आहे याविषयी डॉक्टरांच्या मनात प्रामाणिक संदेह असला पाहिजे. उत्तर ठाऊक असूनही चिठ्ठी टाकणे हा रुग्णावर अन्याय होय.

परळचा अनुभव

मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयाची पायरी चढली नाही असे कुटुंब आपल्याकडे विरळाच. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांच्याविषयीचा एक प्रश्न जगभरच्या शल्यविशारदांना अर्धशतकाहून अधिक काळ छळीत होता. गाठ लहान आहे, मानेतील लसिकाग्रंथी हाताला लागत नाहीत. अशा वेळी तोंडातील गाठ काढतानाच मानेतील ग्रंथीही काढून टाकाव्यात, की वाट पाहावी आणि पुढे त्या सुजल्या तरच मानेवर शस्त्रक्रिया करावी? आधीच काढाव्यात तर अनेकांना विनाकारण मोठी शस्त्रक्रिया आणि खांद्याचा अधूपणा सोसावा लागणार. वाट पाहावी तर रोग हातचा निसटण्याची भीती. दोन्ही बाजूंना नामवंत डॉक्टर होते.

टाटा रुग्णालयाने २००४ ते २०१४ या काळात रुग्णांच्या संमतीने त्यांचे दोन गट केले. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब झाला तेव्हा, ज्यांच्या मानेतील ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या होत्या त्या २४५ जणांच्या गटात तीन वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण ८० टक्के आढळले. वाट पाहिलेल्या २५५ जणांच्या गटात ते ६७.५ टक्के होते. अंतर इतके स्पष्ट होते की नवे रुग्ण घेणे थांबविण्यात आले. सुरुवातीलाच मानेची शस्त्रक्रिया केलेल्या दर आठ रुग्णांमागे एकाचा मृत्यू टळतो, असा त्याचा अर्थ. २०१५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि परदेशातील रुग्णालयांनीही त्याची दखल घेतली. ज्यांच्या त्यागातून हे कळले ते बहुतांशी तंबाखू खाणारे, सामान्य परिस्थितीतले लोक होते. त्यांची नावे कोठेही छापलेली नाहीत.

त्याच वर्षी त्याच रुग्णालयाची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. स्तनाचा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरल्यानंतर निदान झालेल्या ३५० स्त्रिया तीत सहभागी होत्या. औषधांनी रोग ओसरल्यावर स्तनावर शस्त्रक्रिया व किरणोपचार केल्याने आयुष्य वाढते काय, हा प्रश्न होता. उत्तर 'नाही' असे आले. हे उत्तर मला पहिल्याइतकेच मोलाचे वाटते, कारण त्यामुळे कितीतरी भगिनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत एका निष्फळ शस्त्रक्रियेतून वाचतात.

अविश्वास कोठून आला?

'फादर, आमच्यावर प्रयोग करतील का?' हा प्रश्न आजारी भेटीच्या वेळी वारंवार ऐकू येतो. त्यास हसण्यावारी नेणे योग्य नाही, कारण या भीतीला इतिहास आहे. नाझी छळछावण्यांत कैद्यांवर जे अघोरी प्रयोग झाले, त्यांच्या खटल्यातूनच १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता जन्मास आली. 'सहभागी व्यक्तीची स्वेच्छासंमती अत्यावश्यक आहे' हे तिचे पहिले कलम. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश, पेनिसिलीन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारांविना केवळ न्याहाळला गेला.

आपल्या देशातही ठेच लागली आहे. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा येथे शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक लस देण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो स्थगित झाला. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, आणि ती लस आज जगभर उपयुक्त मानली जाते. परंतु चौकशीत दुसरेच काही उघड झाले : वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या अनेक संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या प्रकारावर कठोर ताशेरे ओढले. चांगल्या लशीविषयी लोकांच्या मनात जी अढी बसली, ती लशीच्या दोषाने नव्हे, तर विचारण्याच्या पद्धतीने.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात आमच्या परिचयातील एका आजींना भेटण्यास गेलो होतो. परिचारिकेने दहा-बारा पानांचा इंग्रजी कागद पुढे केला आणि 'येथे आणि येथे सही करा' असे सांगितले. आजी मराठी चौथी शिकलेल्या. त्यांनी चष्मा शोधला, कागद उलटसुलट केला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "फादर, तुम्ही सांगाल तर करते सही." त्या क्षणी मला कागदाइतकेच माझ्या स्वतःच्या शब्दाचे भय वाटले. मी 'करा' म्हटले असते तर ती संमती आजींची नव्हे, माझी झाली असती. कागद त्या संध्याकाळी तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शिक्षिका सुनेने तो शब्दशः समजावून दिला आणि आजींनी विचारपूर्वक नकार दिला. उपचारांत काडीचाही फरक पडला नाही, हे त्या रुग्णालयाच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयात झालेल्या जनहित याचिकेनंतर २०१३ पासून नियम कडक होत गेले. भारतात नव्या औषधांच्या चाचण्यांना सध्या २०१९ ची नियमावली लागू आहे. प्रत्येक चाचणीला आचारनीती समितीची पूर्वसंमती लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायदेतज्ज्ञ असावे लागतात, निम्मे सदस्य तरी त्या संस्थेबाहेरचे असतात आणि अध्यक्षही बाहेरचाच असतो. समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ वा नीतिज्ञ यांच्या पंक्तीत नियमाने ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकाचाही उल्लेख केला आहे. धर्मगुरू आणि व्रतस्थ भगिनींनी अशा समित्यांवर काम करण्यास पुढे यावे असे मला वाटते. चहाबिस्किटे घेऊन मान डोलावण्यासाठी नव्हे, तर मराठी माहितीपत्रक खरोखर मराठीत आहे की नाही हे वाचून पाहण्यासाठी.

सहभागी व्यक्तीस माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत मिळाली पाहिजे. वाचता न येणाऱ्याच्या बाबतीत त्रयस्थ साक्षीदार लागतो. सर्वस्वी नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल घटकांतील व्यक्तीची संमती ध्वनिचित्रमुद्रित करावी लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांबाबत ओळख उघड होऊ नये म्हणून केवळ ध्वनिमुद्रण होते. चाचणीमुळे इजा अथवा मृत्यू झाल्यास भरपाईची तरतूद आहे. तसेच चाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि ती संगणकावर कोणासही विनामूल्य पाहता येते.

ख्रिस्तसभेची भूमिका

सप्टेंबर १९५२ मध्ये पोप बारावे पायस यांनी रोम येथे जमलेल्या मज्जातंतुशास्त्रज्ञांपुढे या विषयाची नैतिक चौकट मांडली. विज्ञानाची प्रगती, रुग्णाचे हित आणि समाजाचे हित ही तिन्ही संशोधनाची रास्त कारणे आहेत, परंतु त्यांपैकी एकही अमर्याद नाही. रुग्णाने दिलेल्या अधिकारापलीकडे डॉक्टरला अधिकार नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २२९२ ते २२९५ या परिच्छेदांत हीच शिकवण आहे. मानवी व्यक्तींवरील वैज्ञानिक प्रयोग आजार बरे करण्यास साहाय्यभूत ठरू शकतात, असे तेथे मान्य केले आहे. पण व्यक्तीच्या जिवाला अवाजवी धोका असेल तर तिच्या संमतीनेही प्रयोग न्याय्य ठरत नाही.

कॅथलिक रुग्णालये संशोधनापासून दूर राहिलेली नाहीत. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाने हृदयविकार टाळण्यासाठी अनेक औषधे एकाच गोळीत देण्याच्या चाचणीचे सूत्रसंचालन केले. देशातील ५० केंद्रांत २,०५३ व्यक्ती तीत सहभागी झाल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अर्थात प्रत्येक चाचणी आपल्या रुग्णालयांना स्वीकारता येत नाही. मानवी गर्भाचा नाश ज्यात अनुस्यूत आहे असे संशोधन वर्ज्य आहे. गर्भधारणा टाळण्याची अट घालणाऱ्या चाचण्यांत संयमाचा पर्याय आहे किंवा नाही, हेही कॅथलिक रुग्णालयाच्या समितीने विचारले पाहिजे.

सहभाग कसा वाढावा?

२०२० मध्ये ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांनी करोनावरील औषधांची एक चाचणी वॉर्डावॉर्डात नेली. संमतिपत्र आटोपशीर ठेवले, नेहमीच्या डॉक्टर-परिचारिकांवर वाढीव लिखापढीचा भार टाकला नाही. काही महिन्यांत पावणेदोनशेहून अधिक रुग्णालयांतून अकरा हजारांवर रुग्ण सहभागी झाले. डेक्सामेथासोन या स्वस्त आणि जुन्या औषधाने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात, हे जून २०२० मध्ये त्यातून कळले. आपल्याकडील अतिदक्षता विभागांतही पुढे हेच औषध वापरले गेले. मोठ्या शहरांतील मोजकी रुग्णालये वगळता आपल्या रुग्णाला असा प्रश्न कोणी विचारतच नाही. न विचारणे हीच त्याच्यावरची दया, असा समज डॉक्टरांतही आहे. मला तो पटत नाही.

मात्र विचारण्याची रीत सुधारायला हवी. शक्य तेथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नव्हे, तर वेगळ्या समन्वयकाने माहिती द्यावी, म्हणजे रुग्णाला भीड पडणार नाही. कागद घरी नेण्यास रात्रभर तरी अवधी असावा. 'तुम्हालाच लाभ होईल' असे आश्वासन देऊ नये; लाभ कदाचित पुढच्या रुग्णाला होईल, हे स्वच्छ सांगावे. वसई-पालघरहून परळला येणाऱ्या मजुराचा गाडीखर्च आणि बुडालेली मजुरी भरून द्यावी. चाचणी संपल्यावर निष्कर्ष सहभागींना कळवावा. हे सौजन्य आज फारच थोड्या ठिकाणी दाखविले जाते. वेदीवरून 'अमुक चाचणीत नावे द्या' अशी घोषणा माझ्या मते होऊ नये, कारण मिस्सेला आलेल्या माणसाला तेथे नाही म्हणणे कठीण जाते. चाचणी म्हणजे काय याची माहिती देणारे डॉक्टरांचे व्याख्यान धर्मग्रामाच्या सभागृहात अवश्य ठेवावे.

कागद हाती आल्यास घरच्या माणसांनी डॉक्टरांना काही गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. मी नाही म्हटले तर कोणता उपचार मिळेल? मध्येच बाहेर पडता येईल का? औषधाचा, तपासण्यांचा खर्च कोणाकडे? त्रास झाल्यास रात्री कोणाला फोन करायचा? राष्ट्रीय नोंदवहीतील क्रमांक कोणता? आपल्या हक्कांविषयी शंका असल्यास कोणाशी बोलावे, यासाठी आचारनीती समितीचा संपर्कही कागदांत दिलेला असतो. तो बहुधा शेवटच्या पानांवर असतो; सही करण्यापूर्वी तेथपर्यंत जरूर वाचावे.